सुमनच्या खो-खोची सही

परवा सांगलीच्या बँकेत शाईच्या पॅडचा वास आला आणि आटपाडीचा जुना स्टँड डोळ्यांपुढं उभा राहिला. माझी सुमन सातवीत होती, शाळेच्या खो-खो संघातून परराज्यात निघालेली. बापाच्या संमतीशिवाय मास्तर तिला नेणार नव्हते. मी मेंढरं सोडून धावत पोहोचलो. मास्तरांनी कागद आणि पॅड पुढं केलं.

"अंगठा लावणार न्हाई. सही करतो."

"अहो, गाडी सुटेल!"

"सुटू द्या."

मी एकेक अक्षर कोरत बसलो. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. खिडकीतून सुमन ओरडली, "आवं आबा, आडनाव ऱ्हाऊ द्या की!" सगळी गाडी हसली. मी आडनावासकट सही केली.

तवा वाटलं, पोरीला मी सोडलं. आता वाटतं, ती कवाच निघाली होती. मी फक्त गाडी अडवून धरली होती.