गाळाखालची जरीची किनार

आदरणीय भास्करराव देवरे सरांची आणि माझी पहिली भेट डिंडोलीतील आमच्या सोसायटीत, पाण्याच्या टाकीसाठी खणलेल्या खड्ड्यापाशी झाली. मी काठावर होतो, सर तळाशी.

"भूगोलाचे शिक्षक ना आपण? मग वर काय करता? उतरा!"

त्यांच्या शिष्यवर्गात माझा प्रवेश असा थेट खालून झाला.

सरांनी आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवले. प्राचीन पूरकथांमागे प्रत्यक्ष पूर किती आणि कल्पना किती, हा त्यांचा ध्यास. खड्ड्याच्या भिंतीत त्यांना एक थर दिसला: खाली जाड वाळू, वर बारीक गाळ. पुराचे पाणी संथ होताना जड कण आधी बसतात, हलके मागाहून. तेव्हा ही खूण पुराचीच. सरांनी टाकीचे काम थांबवले आणि रविवारी व्याख्यान जाहीर केले: 'आपल्या अंगणातील प्राचीन महापूर'. सबंध सोसायटी आठवडाभर टँकरच्या रांगेत उभी राहिली. व्याख्यान फसले असते, तर सरांना तोंड दाखवणे अवघड होते.

शनिवारी सकाळी आम्ही थराचा तळ खरवडला आणि आतून चकचकीत जरीची किनार निघाली. रांगेतल्या सुमनताई हंडा ठेवून वाकल्या. साडीच्या कारखान्यात घड्या घालण्यात त्यांची हयात गेली आहे.

"सर, परलयना आधी बाया पॉलिस्टर नेसेत का? हाई तं आमना कारखानानी किनार शे! तापीना पूर उना तवय मी घरना माळावर बठेल व्हतू. माले इचारानं ना!"

पूर खरा होता. प्राचीन मात्र नव्हता. मी हळूच सुचवले, "व्याख्यान पुढे ढकलू या का?"

"छे! आता तर पुरावा मिळाला," सर म्हणाले.

रविवारी सरांनी प्रथम स्वतःची चूक सांगितली, मग मेसोपोटेमियाची गोष्ट. तिथल्या निरनिराळ्या नगरांत पुराचे थर सापडले, पण ते निरनिराळ्या काळांचे. एका थरावरून सारे जग बुडवता येत नाही. नंतर त्यांनी आपली खुर्ची सुमनताईंना दिली. ताईंनी पाणी कुठवर चढले ते हाताने दाखवले. सोसायटीच्या भिंतीवरचा पुराचा पुसट डाग नेमका तिथेच होता. "कथा सांगणारी बाई रांगेत उभी होती," सर म्हणाले, "आणि मी खड्ड्याच्या भिंतीला विचारत बसलो!"

सोमवारी टाकीचे काम सुरू झाले. ती किनार आज सरांच्या बैठकीत, त्यांच्या पदव्यांच्या वर, चौकटीत विराजमान आहे.

पंचाहत्तरीनिमित्त सरांना उदंड, निरामय आयुष्य लाभो, ही माझी प्रार्थना. सुमनताईंची शुभेच्छाही त्यांच्याच शब्दांत पोहोचवतो: "सर, शंभर वरीस जगा. फक्त नवा खड्डा खंदाना आधी माले बलावा."