टेलरकाकांचा डावा हात आणि आमच्या मॅडम

डॉ. शरयू मॅडमची आणि माझी पहिली ओळख म्हणजे सरळ खरडपट्टी. आठ वर्षांपूर्वी मी यवतमाळहून पुण्याला शिकायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात, पायाची रक्तवाहिनी बंद पडलेल्या एका रुग्णाचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. "कागद छान आहेत. माणूस कुठे आहे?" असं म्हणून त्या स्वतःच वॉर्डात निघाल्या.

रुग्ण होते शनिवार पेठेतले टेलर, दत्तूकाका. पायाचं बोट काळं पडलेलं. लवकर रक्त पोचलं नाही तर पाय काढावा लागणार होता. जांघेतून बारीक नळी सरकवून तुंबलेली वाहिनी मोकळी करायची नेहमीची वाट जुन्या शस्त्रक्रियांमुळे बंद. उरला हात. मी ऐटीत म्हणालो, "डाव्या कोपरातून जाऊ या. वाहिनी मोठी, शिवाय पाय जवळ." मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काकांना विचारलं, "कात्री कुठल्या हातात धरता आपण?"

"डाव्या," काका म्हणाले. "घरचे ओरडून थकले, हात काही सुधारला नाही."

कोपराशी रक्त साकळलं तर शेजारची नस दबून बोटं निकामी होऊ शकतात, हे मला ठाऊक होतं. पण डावा हात म्हणजे बिनकामाचा, असं मी धरूनच चाललो होतो. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "पाय वाचवायला आलेल्या माणसाचा हात ठेवून घ्यायचा विचार होता का आपला?"

मनगटातून जाणं जास्त सुरक्षित. तिथे वरून दाबलं की रक्त थांबतं. पण वाहिनी बारीक आणि वाट लांब. उजवीकडून तर आणखी लांब, म्हणून हात डावाच. काका चांगले उंच. मांडीपर्यंत नळी पुरेल का? मॅडम टेप घेऊन त्यांचं माप घेऊ लागल्या आणि काकांना राहवेना. "अहो, टेप अशी ताणतात का! खांद्याला वळण द्या." मॅडमनी मुकाट्याने वळण दिलं. नळी चार बोटं उरत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डाव्या मनगटातून जाऊन मांडीतली वाट मोकळी केली. पाऊल गरम झालं. काकांनी आधी डाव्या हाताची बोटं एकेक करून हलवून पाहिली आणि मग रडले. मीही रडलो.

मनगट बरं की कोपर, यावर बोलायला आज मॅडमना ठिकठिकाणी बोलावतात. कोपराशी त्यांचं वैर नाही. मनगटाची वाहिनी फारच बारीक असेल तर त्या तिकडेही जातात. मात्र त्यांच्या वहीत पहिली नोंद हाताची, पायाची दुसरी. स्वतःचं जिथे चुकलं ती पानं त्या आम्हांला सगळ्यांत आधी वाचायला देतात. पहिल्या दिवाळीला मला घरी जाता आलं नाही, तर फराळाचा डबा टेबलावर ठेवून म्हणाल्या, "संपवा. डबा धुऊन हवाय." अशा गुरू मिळाल्याचा मला भारी अभिमान आहे आणि पुण्यात राहूनही तो मी उघड सांगतो.

मॅडमच्या साठीनिमित्त परवा दत्तूकाका तीन जिने चढून नवा एप्रन घेऊन आले. "माप द्यायला मॅडम थांबल्या कधी?" मी विचारलं.

"नजरेनं घेतलं. आत शिवणीला माया भरपूर सोडलीय. अजून पंचवीस वर्षं उसवून वाढवता येईल."

मॅडम, तेवढी वर्षं आपण धडधाकट राहा, आणि तो एप्रन घालून आम्हांला रागवत राहा. कापड काकांनी डाव्याच हातानं कापलंय.