सोमीच्या दारातली गाडी

गाडी बरोबर सोमीच्या दारात उभी होती. पांढरीशुभ्र, नवी कोरी, आणि दोन्ही अंगांना लाल अक्षरांत 'एड्स नियंत्रण'. अक्षरं एवढी मोठी की वाचता न येणाऱ्यालाही कळावं, काहीतरी भयंकर आलं आहे. वर भोंगा. ड्रायव्हर रमेशभाऊनं मला फोन केला तेव्हा भोंगा चालूच होता.

"मॅडम, साहेबानं इथंच लावाले सांगतली. मी म्हणलं, साहेब, पोडाच्या बाहीर लावतो. तर म्हणे, डोअरस्टेप सर्व्हिस म्हणजे डोअरस्टेप."

मी केंद्रात खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मी आयसीटीसीमध्ये समुपदेशक आहे. आयसीटीसी म्हणजे एचआयव्हीची तपासणी जिथं मोफत होते, आणि तपासणीच्या आधी नि नंतर माणसाशी कोणीतरी नीट बोलतं ते केंद्र. ते नीट बोलणारं माणूस म्हणजे मी. या नोकरीत इंजेक्शन टोचता यावं लागत नाही, औषध देता यावं लागत नाही. तोंड बंद ठेवता यावं लागतं. कोणाला काय झालं आहे हे दुसऱ्या कोणालाही सांगायचं नाही, असा कायदा आहे. तो आमच्या भिंतीवर फ्रेममध्ये लावलेला आहे. साहेब त्याच्याच खाली बसतात.

सोमी केळापूर तालुक्यातल्या एका कोलाम पोडावरची. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. मुख्य गावापासून अंतर राखून, जंगलाच्या कडेला. सोमीला सातवा महिना होता. तिचा आणि नवरा भीमाचा, दोघांचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह. दोघंही एआरटीवर, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्यांवर. आईनं गोळ्या न चुकता घेतल्या तर बाळ सुखरूप सुटण्याची शक्यता फार चांगली असते. चुकवल्या तर काही सांगता येत नाही. पोडावर हे फक्त त्या दोघांना माहीत होतं.

त्या आठवड्यात परतीच्या पावसानं नाला भरला, एसटी बंद झाली, आणि सोमीची गोळ्या न्यायची तारीख हुकली. अशी तारीख हुकली की कॉम्प्युटरवर नाव लाल होतं. साहेब पुण्याहून नवीनच आले होते आणि त्यांना लाल नाव सहन होत नसे. मी म्हटलं होतं, नाला उतरला की ती स्वतः येईल, नेहमी येते. साहेब म्हणाले, "मॅडम, पेशंट आपल्याकडे येणं ही जुनी पद्धत झाली. आपण मिशन मोडमध्ये जाऊ." आणि नाला उतरला त्याच दिवशी, मी तपासणीला आलेल्या लोकांत अडकलेली असताना, ते गाडी घेऊन गेले.

त्यात भोंगा. साहेबांनी म्हणे खास आदिवासी भाषेत क्लिप बनवून घेतली होती. ती गोंडीत होती. पोड कोलामांचं. कोलामांची भाषा कोलामी. पण क्लिप बनवणाऱ्या एजन्सीच्या हिशेबानं आदिवासी एक, म्हणून भाषाही एक. तेव्हा सगळ्या पोडाला भोंग्यातला एकच शब्द नीट कळला, तो म्हणजे एड्स. बाकीचं काम सोमीच्या दारानं केलं.

दुसऱ्या दिवशी मी पोडावर गेले. सोमीच्या घराला कडी होती. भीमा बाहेर बाजेवर बसला होता. एरवी मला पाहून उठणारा माणूस. त्या दिवशी उठला नाही.

"सोमी कुठं आहे, भीमाभाऊ?"

"गेली."

"कुठं?"

"मायच्या पोडावर. पैनगंगेच्या पलीकडं, तेलंगणात." मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तुमची गाडी आली अन् माही बायको गेली, मॅडम. आता गाडीसंगच संसार करू का?"

 मी बाजेच्या कडेला बसले. हळूहळू सगळं बाहेर आलं. गाडी गेल्यावर बायांनी सोमीला हँडपंपावरून परत पाठवलं. पोडाच्या नाईकानं, म्हणजे वस्तीच्या प्रमुखानं, संध्याकाळी चावडीवर सगळ्यांना बोलावलं आणि ठरलं, की खरं काय ते कळेपर्यंत सोमीनं पंपाला हात लावायचा नाही. सोमी पहाटे निघून गेली.

"गोळ्या नेल्या का तिनं?"

भीमा उठला, छपरात हात घातला आणि डबी काढून माझ्यापुढे धरली. "म्हने, ह्या गोळ्यायनंच गाडी आणली. राहू दे इथंच."

मी तिथूनच साहेबांना फोन लावला.

"तेलंगणात गेली?" साहेबांचा आवाज एकदम हलका झाला. "मग प्रॉब्लेमच नाही. ट्रान्सफर-आउट दाखवा. आता ती त्यांची जबाबदारी."

"सर, तिच्याकडे गोळ्या नाहीत. ती तिकडं कुठल्याही सेंटरला जाणार नाही. ती घाबरून पळाली आहे."

"मॅडम, तुम्ही फार इमोशनल होता. बरं, जागतिक एड्स दिनाचा कार्यक्रम जवळ आलाय. आपल्याला एक आदिवासी महिला लागेल. पारंपरिक वेशात. दोन मिनिटांचं मनोगत. हीच बाई मिळाली असती तर छान झालं असतं."

मी म्हटलं, "नेटवर्क नाही सर." नेटवर्क उत्तम होतं.

भीमाला घेऊन मी आदिलाबादच्या बसनं निघाले. पुढे ऑटो, त्यापुढे पायी.  सगळ्या वाटेत भीमानं डबी हातात घट्ट धरली होती, जणू तीच सोमी आहे.

सोमी आईच्या अंगणात मोह वाळवायच्या चटईवर बसली होती. मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी समोर जाऊन बसले. तिची आई पाणी घेऊन आली, तर सोमी कोलामीत काहीतरी फटकन बोलली. आई पाणी घेऊन परत गेली. मला कोलामी येत नाही, पण तेवढं कळलं.

"तुमी म्हनलं होतं ना, कोनाले समजनार नाही?" सोमी म्हणाली. "मंग ते काय होतं? वरात होती का माही? बाजा लावून आले!"

"माझ्या ऑफिसनं केलं ते. चूक झाली. फार मोठी चूक झाली."

"तुमची चूक अन् माहा पंप बंद. असं कसं?"

मी गप्प बसले. समुपदेशनाच्या पुस्तकात याला 'शांततेचा वापर' म्हणतात. खरं म्हणजे मला बोलायला तोंड नव्हतं.

"सोमी, माझ्यावरचा राग राहू दे. गोळ्या चालू कर. पोटातल्याचा काय दोष?"

तिनं पोटावरून हात फिरवला. मग भीमाच्या हातातली डबी तिनं हिसकावूनच घेतली, गोळी तोंडात टाकली आणि आईला हाक मारली. आई पाणी घेऊन आली. या वेळी दोन लोटे होते.

"येतो मी वापस," सोमी म्हणाली. आमच्याकडे बायाही 'येतो'च म्हणतात. "पन ज्या चावडीनं मले पंपावरून उठवलं, त्याच चावडीनं बोलवावं. अन् तुमची गाडी माह्या एकटीच्या दारात काहून? सगळ्याईच्या दारात लावा. नाईकाच्याबी."

सोमी तिथंच राहिली. येताना बसमध्ये भीमाशेजारी बसून मी तिच्या वाक्यावर विचार करत होते. आमच्या खात्यात 'कलंक निर्मूलन' या विषयावर वर्षाला किती वर्कशॉप होतात, चहा-समोशांसकट. अशी सोपी युक्ती कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

जंगू नाईक म्हातारा, सडसडीत, आणि बोलायला कुऱ्हाडीसारखा. चावडीवर मला बसायला घोंगडी टाकली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या भोंग्यात कोन बोलत होतं? गोंड पाव्हना होता का?"

"हो. चुकून आला."

"आमाले वाटलं, त्यालेच बिमारी झाली. लय कळवळून बोलत होता."

चावडीवर बसलेले हसले. मीही हसले. मग त्यानं विचारलं, "सोमीले काय आहे?"

"ते मी सांगणार नाही, नाईक."

"मी पोडाचा नाईक आहो."

"असाल. उद्या सोमीनं येऊन विचारलं, नाईकाला काय आहे, तर तिलाही सांगणार नाही."

"मले? मले काय आहे?"

"तपासल्याशिवाय कसं सांगू?"

म्हातारा चपापला. बाकीचे त्याच्याकडे पाहायला लागले. मग मी बोलले, सोमीचं नाव न घेता: हा आजार पंपानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, शेजारी बसल्यानं होत नाही. कशानं होतो तेही सांगितलं. मी मराठीत बोलायचे, नाईक कोलामीत सांगायचा. निरोधपाशी तो अडखळला. समोर त्याची सासरकडची म्हातारी बसली होती. त्यानं आकाशाकडे पाहत काहीतरी चार शब्द सांगितले. म्हातारीनं उलट प्रश्न विचारला. सगळी चावडी पोट फुटेस्तोवर हसली. प्रश्न काय होता ते नाईकानं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

शेवटी ठरलं असं: गाडी यायची, पण दारोदार. साखर, बीपी, सिकलसेल आणि ज्याची मर्जी असेल त्याची एचआयव्ही तपासणी. सिकलसेल हा रक्ताचा आजार आमच्या भागात पुष्कळ आहे, त्यामुळे त्या तपासणीला कोणी नाही म्हणत नाही. ज्याचा त्याचा रिपोर्ट ज्याच्या त्याच्या कानात. सुरुवात नाईकाच्या घरापासून.

"अन् पंप?" मी विचारलं.

नाईक जमिनीकडे पाहत म्हणाला, "पंपाले काय होते? लोखंडाचा हाये."

साहेबांना मी शिबिराची परवानगी मागितली तेव्हा ते खूश झाले. दारोदार हा शब्द त्यांना आवडला.

"पण सर, गाडीवरची अक्षरं झाकावी लागतील."

"ब्रँडिंग झाकायचं? अशक्य."

"मग लेखी द्या सर. रुग्णाच्या दारात ही अक्षरं लावून गाडी उभी करावी, असं. तुमच्या सहीनं. मी फ्रेममधल्या कायद्याची प्रत जोडून वर पाठवते."

साहेबांनी मागे वळून भिंतीकडे पाहिलं. माझ्या माहितीप्रमाणे ती फ्रेम त्यांनी पहिल्यांदाच वाचली.

"बघा तुम्हीच काय ते," ते म्हणाले.

रमेशभाऊनं गाडीच्या उद्घाटनाचे दोन फ्लेक्स शोधून काढले आणि उलटे करून दोन्ही बाजूंना ताणून बांधले. साहेबांचा हसरा चेहरा आतल्या बाजूला गेला. एवढ्या मोठ्या फोटोचा लोकांना एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला असेल.

शिबिराच्या दिवशी गाडी नाईकाच्या दारात थांबली. त्याला साखर निघाली, चांगलीच. मी कानात सांगितलं. त्यानं पाच मिनिटांत स्वतःच सगळ्या पोडाला ओरडून सांगितलं आणि वर विचारलं, "आता मले पंपावर येऊ देता का नाही?"  त्याच दुपारी नाईकानं आपल्या बायकोला भीमासोबत सोमीच्या माहेरी पाठवलं. चावडीचं बोलावणं म्हणून.

सोमी आली. घरी जायच्या आधी ती सरळ पंपावर गेली. दोन बाया भांडी घासत होत्या. सोमीनं हांडा ठेवला आणि दांडा मारायला लागली. पोट अवघडलेलं. त्यातली एक बाई उठली, तिच्या हातातून दांडा घेतला आणि मारायला लागली. माफी वगैरे कोणी मागितली नाही. हांडा भरला, एवढंच. मी लांबून बघत होते आणि रमेशभाऊला म्हटलं, डोळ्यांत धूळ गेली. तो म्हणाला, "व्हय मॅडम, माह्याबी."

सगळ्यांनीच काही तिला लगेच जवळ केलं असं नाही. एक घर अजून तिच्या हातचं पाणी घेत नाही. सोमी म्हणते, त्यायच्या घरचं पानी मीबी घेत नाही, खारं हाये.

मुलगी झाली, दवाखान्यात. बाळाला जन्मल्याबरोबर औषधाचे थेंब सुरू केले. अशा बाळाची तपासणी टप्प्याटप्प्यानं होते आणि शेवटचा निकाल दीड वर्षाचं झाल्यावर. तोपर्यंत दर वेळी रिपोर्ट उघडण्याआधी मी केंद्राचं दार लावून घ्यायचे. इतक्या वर्षांच्या नोकरीत ही सवय काही जात नाही.

शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी सोमीला सांगितलं.  पोरगी माझ्या टेबलावरचा पेन तोंडात घालत होती. सोमीनं तो काढून घेतला आणि म्हणाली, "हिले काही नाही ना? मंग हिले कायले घेऊन यायचं आता इथं? मी एकटीच येत जाईन." दाराबाहेर भीमा उभा होता. तिनं त्याला काय सांगितलं ऐकू आलं नाही. त्यानं पोरीला उचलून खांद्यावर बसवलं एवढं मी पाहिलं.

साहेबांची मधल्या काळात बदली झाली, अर्थात वरच्या जागी. जाण्यापूर्वी एका परिषदेत त्यांनी या कामावर प्रेझेंटेशन केलं. नाव होतं 'कल्चरली सेन्सिटिव्ह डोअरस्टेप मॉडेल'. स्लाइडवर गाडीचा फोटो होता, अक्षरं दिसतील असा. परिषदेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला फोन करून विचारलं, "मॅडम, शेवटच्या स्लाइडला एक की-लर्निंग हवंय. तुम्ही फील्डवर असता. एका ओळीत सांगा."

मी म्हटलं, "जाण्याआधी विचारा."

"बस्स एवढंच?"

"एवढंच, सर."

ते जरा नाराज झाले. स्लाइडवर त्याचं तीन ओळींचं इंग्रजी झालं, आणि टाळ्या पडल्या असं ऐकलं. आता नवे साहेब आले आहेत. मागच्या आठवड्यात त्यांनी झरीकडच्या पोडांसाठी एक योजना आखली. मला आणि रमेशभाऊला ती व्हॉट्सॲपवर कळली. पोडांना अजून कळायची आहे.