सतरा नंबरच्या कुंड्या

आमची धाकटी, म्हणजे माझ्या दिराची बायको, सोयाबीनची शास्त्रज्ञ आहे. मी त्याच संस्थेच्या काचघरात मदतनीस, अठरा वर्षं झाली. ती आली सहा वर्षांपूर्वी, आणि आली ती थेट माझी साहेब होऊनच. घरात मी थोरली जाऊ, पण संस्थेच्या फाटकात पाय टाकला की मी तिच्या हाताखालची बाई. आता सांगा, कुणाला सोसेल हे?

बरं, तिला नावं ठेवावीत तर तशी खोट नाही, हेच तर दुखणं. सकाळी सातला ती कुंड्यांवर वाकलेली असते. न उमललेली कळी चिमट्यानं उघडायची, आतले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे परागकण लावायचे, दोरा बांधून चिठ्ठी अडकवायची. हे तिला शिकवलं कुणी? मी! पहिल्या वर्षी तिची एक शेंग धरत नव्हती. आणि सासूबाई शेजारणीला काय सांगतात? "धाकटी संशोधन करते. थोरलीही तिथंच असते." असते म्हणे! खुर्ची असते तशी. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

तांबेरा म्हणून रोग आहे. पानांखाली गंजासारखी पूड धरते, मग पानं गळून झाड उघडं पडतं. तो अडवणारी दोन जनुकं धाकटीनं एका रानटी सोयाबीनमधून चांगल्या वाणात आणली. पाच वर्षं गेली त्यात. शेवटी हाती राहिल्या सतरा नंबरच्या वाणाच्या सहा कुंड्या. त्यांची चाचणी म्हणजे मुद्दाम रोग लावायचा. रोगट पानांची पूड पाण्यात मिसळून त्यांच्यावर आणि तुलनेला ठेवलेल्या साध्या वाणांच्या सगळ्या कुंड्यांवर एकदा फवारायची आणि वर प्लास्टिक झाकायचं. ते काम माझं.

दोन आठवड्यांत बाकीच्या कुंड्या तांबूस पडल्या, सतरा नंबर हिरवागार. धाकटी कुंड्यांसमोर उभी राहून एकटीच हसत होती. ते बघून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना. पुढच्या आठवड्यात ती रजेवर होती. तीन संध्याकाळी मी गुपचूप गेले आणि फक्त सतरा नंबरवर, दुप्पट पूड घालून, पानं उलटी करकरून फवारलं. मर म्हटलं एकदाचं! मेलं नाही. टाचणीच्या टोकाएवढे डाग पडले आणि तिथंच सुकले.

मग तिघांची समिती पाहणीला आली. त्यांतले चष्मेवाले साहेब आधी सतरा नंबरजवळच्या पंख्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "या कोपऱ्यात फवारा नीट पोचलेला नाही. पंख्यानं पानं वाळली, म्हणून झाड वाचलं. नशिबानं वाचलेल्या झाडाला काय करायचंय? हे काम बंद करा."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. वहीत एकाच फवारणीची नोंद, ती बिचारी काय बोलणार? मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण फवारा पोचला नाही? माझा फवारा? नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की राहवेचना.

"पोचला नाही म्हणजे काय हो?" मी ओरडलेच. "चार वेळा मारलाय मी! दुप्पट पूड घालून!"

सगळे वळले. साहेबांनी वही चाळली. "इथं तर एकदाच लिहिलंय. बाकी तीनदा कशासाठी मारलात?"

धाकटी टक लावून बघत होती. तिच्यासमोर थाप मारवेना.

"मरावं म्हणून," मी म्हणाले.

नोकरी गेली, असं मी धरूनच चालले. शेवटी साहेब म्हणाले, "चोरून मारलेला फवारा हा पुरावा नव्हे. आमच्या देखत पुन्हा चार फवारण्या होऊ द्या, मग ठरवू. आणि या बाईंना इथं पाऊल टाकू देऊ नका."

"नाही साहेब," धाकटी म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. "फवारणी वहिनीच करतील. हे झाड मरावं असं त्यांच्याइतकं मनापासून दुसऱ्या कुणाला वाटणार आहे?"

साहेबांना हसू आलं. मी मान खाली घातली. चारचौघांत तिनं मला फाडून खाल्लं असतं, तर मला बरं वाटलं असतं. तेवढंही केलं नाही तिनं. तिच्या पदवीचा, तिच्या खुर्चीचा मी सहा वर्षं हेवा केला, पण त्या दिवशी वाटला तेवढा हेवा मला तिचा कधीच वाटला नव्हता.