माझी तोंडी परीक्षा आणि आईचं इंग्रजी

आमच्या शाहूपुरीतल्या घरात अकरा दिवस इंग्रजी राज्य होतं आणि त्या अकरा दिवसांत माझं एक वर्ष गेलं.

मला शिकायला आयर्लंडला जायचं होतं. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा. म्हणून मी फर्मान काढलं : घरात मराठी बंद! जो मराठी बोलेल त्याचा चहा बंद! (चहा करणारी आईच. पण पहिल्या दिवशी पहिला चहा तिचाच बंद झाला.) पप्पा कागल एमआयडीसीतून दमून येत, भाकरीकडे बोट दाखवत आणि मुकाट जेवत. दिवसभर बोलणारी आई तर गप्पच झाली. घरात कुणीतरी गेल्यासारखं वाटायचं. मला वाटलं, वातावरण अभ्यासाचं झालं!

लक्ष विचलित होऊ नये म्हणून मोबाइलही मी आईकडे देऊन टाकला होता. गुरुवारी त्यावर परीक्षा केंद्रातून फोन आला : शनिवारची तोंडी परीक्षा उद्याच, शुक्रवारी सकाळी दहाला. आई धावत माझ्या खोलीत आली.

"मॅडम फोन! युवर माऊथ केम टुमॉरो!"

मी पोट धरून हसले. "माऊथ नाही, स्पीकिंग! आणि केम भूतकाळ, टुमॉरो भविष्यकाळ. एका वाक्यात बसत नाहीत!"

"आगं पण त्या बाई म्हनत्यात..."

"मराठी! चहा बंद!"

आई निघून गेली. शुक्रवारी सकाळी तिनं इस्त्रीचा ड्रेस पुढं ठेवला, हातावर दहीसाखर ठेवली.

"टुडे! गो! टुडे!"

"टुमॉरो, आई. वारांचे स्पेलिंग नंतर, आधी वार तरी पाठ कर!" असं म्हणून मी दही चाटलं आणि आरशासमोर 'वेळेचं महत्त्व' या विषयावर बोलायला लागले. फार छान बोलले.

शेवटी आईनं पप्पांना फोन लावला. त्यांचा मोबाइल चहाच्या सुट्टीपर्यंत कारखान्याच्या लॉकरमध्ये. साडेअकराला ते फोनवरून गरजले, "आगं ए शानी! परीक्षा आज हाय! पळ!"

रिक्षातून उतरून धापा टाकत केंद्रात गेले, तर दारावरचे काका म्हणाले, "पावणं, तुमचं नाव दहालाच पुकारलं की! तीनदा!" पुढची तारीख मिळाली, पण तोवर कॉलेजची मुदत संपत होती. वर्ष गेलं.

संध्याकाळी मी मराठीवरची बंदी उठवली. तरीही आईनं परात खुणेनंच मागितली.

"बोला की आता मराठीत!" पप्पा वैतागले.

आई परातीतल्या पिठाकडं बघत म्हणाली, "मला इंग्लिश येत न्हाय हे हिला ठावं हुतं. पर मी उगंच धावत येत न्हाय, हे बी ठावं हुतं की." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या खेपेला मी पुन्हा परीक्षा दिली. प्रवेशापुरते गुण मिळाले. बोलण्यात उत्तम, लिहिण्यात बरे, आणि सगळ्यांत कमी ऐकण्यात!

निकाल वाचून दाखवल्यावर आई शांतपणे म्हणाली, "ह्येच्यासाठी परीक्षा कशाला द्यायची? मला इचारलं असतंस तरी सांगितलं असतं की!"