न खोडलेला शब्द

भाषा हा संस्कार आहे, आणि चुकीची भाषा डोळ्यांदेखत जाऊ देणं हा अपराध आहे. महागावजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेच्या फळ्यावर हे वाक्य मी दर वर्षी शाळा उघडली की नव्याने लिहीत असे. अक्षर वळणदार. खाली कुणाचं नाव नसे, त्यामुळे आलेल्या पाहुण्यांना ते कुणा थोर माणसाचं वाटे. त्यांचा तो समज मी कधी दुरुस्त केला नाही.

बाकी सगळं केलं. आणि जे एक केलं नाही, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्यांच्या बाबतीत ते घडलं, त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, बहुधा.

आधी माझी ख्याती सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. इंग्रजी ऐकून शिकलेला माणूस कुठे घसरतो, हे मला अचूक ठाऊक होतं. तो शब्द कानाने उचलतो, आणि कान ओळखीचंच काहीतरी ऐकतो. ‘टू हूम इट मे कन्सर्न’ हे आमच्या केंद्रातल्या शाळांच्या निम्म्या दाखल्यांवर ‘टू होम’ असं असे — म्हणजे ज्याच्या त्याच्या घरी. ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’ म्हणताना आभार मानणारा हमखास ‘लिस्ट’ म्हणे. नाव यादीत नसलं तरी घेतो, असा त्याचा अर्थ तो मनोमन लावत असावा. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर ‘रेस्ट इन पीस’मधल्या शांतीचं स्पेलिंग तुकड्याचं. मी गाडी थांबवून फोटो काढत असे.

आणि मग तो फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत असे.

एकदा एका सहकाऱ्याचे सासरे वारले. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘हार्ट फेल कन्डोलन्सेस’. आमच्याकडे माणसाला हृदयविकाराचा झटका येत नाही, त्याचं हार्ट फेल होतं. तेव्हा ‘हार्टफेल्ट’चं काय झालं असेल ते उघड आहे. मी खाली लिहिलं: ‘मृत्यू किडनीमुळे झाला आहे.’ मृत्यूच्या बातमीखाली अकरा जणांनी हसरे चेहरे पाठवले. मग एकेकाने ते पुसले. राठोड म्हणून एक शिक्षक होता, फटकळ. तो दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात मला म्हणाला, “गुरुजी, उद्यापासून गुड मॉर्निंग बी तुमच्याकडून तपासून घेत जाऊ का? नाहीतर दिवसच बेकायदा निघाचा.”

मी हसलो. मला ते कौतुक वाटलं. खरं सांगतो — वाटलं.

आता नगराळे मॅडम.

त्या आमच्याच शाळेत होत्या. राहायला आर्णीला. सकाळी सहाला घर सोडायचं, दोन बसा बदलायच्या, संध्याकाळी तेच उलट्या क्रमाने. घरी वडील एकटे. त्यांना लकवा झालेला; उजवी बाजू गेली होती आणि बोलणं अर्धं. शेजारची एक बाई दुपारी येऊन त्यांना जेवू घाली. मॅडम मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या टोकाला उभं राहून फोन करत, कारण तिथेच रेंज मिळे. मोठ्याने विचारत, “बाबा, जेवले का? पाणी घेतलं का?” आणि मग बराच वेळ गप्प राहून ऐकत. तिकडून जे येत होतं, ते समजायला तेवढा वेळ लागत असावा.

त्यांचं इंग्रजी? कानाचं. पण त्यांच्या वर्गातली पोरं इंग्रजी बोलत. चुकीचं बोलत, गोंधळ करत, एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत बोलत — पण बोलत. माझ्या वर्गात एकही चूक ऐकू येत नसे, कारण कुणी बोलतच नसे. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं समजू नका. रोज भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

मग शिक्षण विभागाचं पत्र आलं. आसपासच्या तालुक्यांसाठी मिळून इंग्रजीचा एक मार्गदर्शक शिक्षक निवडायचा होता. त्याने वर्षभर आर्णीच्या प्रशिक्षण केंद्रात बसून इतर शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं. ते केंद्र नगराळे मॅडमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. मला त्या जागेचा काय उपयोग? माझं घर महागावात, शाळा घरापासून दोन किलोमीटर. आर्णीला जाणं म्हणजे मला उलट ताप. तरी मी अर्ज केला. मॅडमनी केला म्हणून.

निवडीसाठी एक नमुना पाठ घ्यायचा होता, यवतमाळहून येणाऱ्या साहेबांसमोर. मॅडमनी पाच पानं लिहून काढली आणि माझ्याकडे आणली. हो — माझ्याकडेच, आणि मी अर्ज केला आहे हे माहीत असून. “सर, एक डाव पाहून द्या ना,” त्या म्हणाल्या. “तुमच्या लाल पेनातून गेलं म्हणजे मले भेव नाही.”

तिसऱ्या पानावर ते होतं. ‘ब्लेसिंग इन द स्काइज’.

मूळ शब्द ‘इन डिसगाइज’ असा आहे. म्हणजे वेष पालटून आलेला आशीर्वाद. आधी संकट वाटतं आणि मग भलं निघतं ते. मॅडमच्या कानाने त्याचं आभाळ केलं होतं. आभाळातला आशीर्वाद. आणि नुसतं लिहिलं नव्हतं, मुलांना तो कसा समजावायचा तेही लिहिलं होतं. आभाळ भरून येतं, बस चुकते, चपला चिखलात रुततात, आई ओरडते — पण तिकडे वावरात तूर हसते. वरून येतं ते आधी त्रास वाटतं. म्हणून ब्लेसिंग इन द स्काइज.

मी ते दोनदा वाचलं. मूळ म्हणीचा अर्थ मी तीस वर्षांत इतका चांगला कधी समजावून सांगितला नव्हता. चूक होती, पण अर्थ जागेवर होता. हे मला त्याच क्षणी कळलं, आणि त्याचाच राग आला.

“हे कुठून आणलं?” मी विचारलं.

“बाबाचं हाय सर,” त्या म्हणाल्या आणि चक्क लाजल्या. “पोस्टात होते ना ते. एक मोठे साहेब आलते तपासनीले, त्याईच्या तोंडून ऐकलं होतं. आमच्या घरी काही बी वाईट झालं की बाबा थेच म्हणे. माह्या दहावीत गणित गेलं, तवा बी म्हणे. आता बोलता येत नाही बरोबर, पण थे एवढं येते.”

तुम्ही काय केलं असतं?

मी बाकी सगळं तपासलं. सतरा ठिकाणी लाल केलं. स्वल्पविराम हलवले, एक ‘द’ काढला, दोन घातले. तिसऱ्या पानावर आलो. पेन त्या शब्दावर धरलं — आणि धरून ठेवलं. विसरलो नाही. डोळा चुकला नाही. घाई नव्हती, तिसरा तास मोकळा होता. मग मी समासात लिहिलं: ‘उत्तम. सुरुवात यानेच करा. मोठा तक्ता करा.’

हे सांगायचं होतं. हेच. नुसती चूक राहू दिली असती तर निदान आळस म्हणता आलं असतं. मी ती पहिल्या पानावर आणून ठेवली.

तक्ता त्यांनी शाळेतच बसून सुंदर केला. निळं आभाळ, कापसाचे ढग — खरा कापूस, डिंकाने चिकटवलेला — आणि त्यावर हातभर अक्षरांत ते वाक्य. पाठाच्या दिवशी शाळेत हजेरी लावून आम्ही दोघं निघालो; बसमध्ये चुरगळू नये म्हणून त्यांनी आर्णीपर्यंत गुंडाळी मांडीवर आडवी धरून नेली. मी शेजारच्या सीटवर होतो. एका बाजूने मीही धरली होती.

सभागृहात चाळीसेक शिक्षक, समोर तीन साहेब. मॅडमनी तक्ता उलगडला. मधल्या साहेबांनी चष्मा वर केला. “मॅडम, वाचा बरं.” त्यांनी वाचलं. “पुन्हा वाचा.” पुन्हा वाचलं, जरा मोठ्याने, त्यांना वाटलं, साहेबांना ऐकू आलं नाही. “अजून एक वेळ.” तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज मध्येच थांबला. साहेब म्हणाले, “मंग काय काय पडते तुमच्या स्काइजमधून?” मागून कुणीतरी म्हणालं, “विमान!” आणि मग सगळं सभागृह.

मी हसलो नाही. माझ्या गंभीर चेहऱ्याचं नंतर कौतुक झालं.

“कोणी सांगते का बरोबर काय हाय थे?” साहेबांनी विचारलं. हात वर झाले नाहीत. चाळीसपैकी किती जणांना माहीत होतं देव जाणे. मी उठलो. तक्त्यापर्यंत चालत गेलो. खिशातून लाल पेन काढलं, कापसाच्या ढगाखाली नीट स्पेलिंग लिहिलं, आणि अर्थही सांगितला. मॅडम बाजूला सरकून मला जागा करून देत होत्या.

निवड त्याच दुपारी झाली. तुम्ही ओळखलंच असेल.

मी परतीच्या बसची वाट पाहत होतो, तेव्हा बसस्टँडवर त्या माझ्याजवळ आल्या. मी तयारीत होतो. काहून असं केलं, हा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर मी सभागृहापासून जुळवत आलो होतो. त्या म्हणाल्या, “सर, जिवाले लावून नका घेऊ. सुटलं असंल कागदात. तुमच्या मागं का कमी कामं हायेत? मी वाचून राह्यली तवा तुमच्या ध्यानात आलं असंल, नाही?”

सबब त्यांनीच आणून दिली होती, तयार, घडी घालून. मी म्हणालो, “हो. सुटलं.”

तीन अक्षरांचा शब्द आणि त्याआधी एक होकार. शुद्ध होतं दोन्ही.

पंधरा दिवसांनी मी आर्णीला रुजू झालो, तेव्हा त्या एकदा केंद्रात भेटल्या. रविवारी कुठलं तरी शिबिर होतं. मी विचारलं, वडील कसे आहेत. खरं म्हणजे दुसरं काही सुचलं नाही म्हणून विचारलं. “बरे हायेत,” त्या म्हणाल्या. “त्याईले मी सांगतलंच नाही कसं झालं थे. म्हटलं, साहेबाईले तुमचं वाक्य एवढं आवडलं, का तीन-तीन वेळा वाचाले लावलं.” मग हसल्या. “तोंड अर्धंच हलते त्याईचं, पण असे खुश झाले ना सर!”

तीन वेळा वाचायला लावलं, हे खरंच होतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं मला काही सापडलं नाही. मी खूप शोधलं.

वडील जानेवारीत गेले, तुरी निघायच्या दिवसांत. सकाळी अकराच्या सुमाराला त्यांना त्रास सुरू झाला. शेजारच्या बाईने शाळेत फोन लावला. मॅडम वर्गात होत्या, आणि रेंज व्हरांड्याच्या टोकाला. निरोप पोचला साडेबाराला. मग एक बस, मग दुसरी. त्या घरी आल्या तेव्हा लोक दारात उभे होते. मला हे संध्याकाळी कळलं. अकरा वाजता मी त्या घरापासून पाच मिनिटांवर, केंद्रात, खिडकीजवळच्या खुर्चीत होतो.

मी भेटायला गेलो. मॅडम म्हणाल्या, “सर, तुम्ही कायले एवढ्या लांबून आले?” मी म्हणालो, जवळच होतो. त्यांनी पाणी दिलं, ते प्यालो आणि निघालो. त्या अजून त्याच शाळेत आहेत, त्याच दोन बसा बदलतात. दिसल्या की आधी त्याच नमस्कार करतात.

तुमच्याकडून मला काही नको. क्षमा तुमच्या हातात नाही, आणि ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे मागायची तर आधी सांगावं लागेल. ते मी सांगणार नाही. इतकी वर्षं सांगितलेलं नाही, यापुढेही नाही.

राहता राहिलं प्रशिक्षण. ते त्या वर्षी झालंच नाही. वरून आदेश आला आणि मला मतदार याद्या जुळवायला बसवलं. याद्या मराठीत होत्या.