अण्णांची पाळी

बंगळूरला शिवाजीनगरात आमच्या वॉर्डाची सभा भरते. तिथे गल्लीतले अण्णा नेहमी शेवटी बोलायचे. हात वर करायचे, पण दुसरं कोणी उठलं की लगेच खाली बसायचे. "आधी अक्कांना बोलू द्या." त्यांची पाळी येईपर्यंत महापालिकेचे साहेब चहा पिऊन उठलेले असत. मग अण्णा त्यांच्या मागे दारापर्यंत जाऊन सांगत, "सार, आमच्या दारासमोरचं गटार उघडं आहे, स्वल्प बघा." मला या सभ्यपणाचा राग यायचा.

गेल्या महिन्यात त्याच गटारात पडून त्यांची बायको गेली.

कालच्या सभेत साहेबांनी पहिल्यांदाच त्यांना आपणहून बोलायला सांगितलं. अण्णा उठले, त्यांनी हात जोडले.

"आधी बाकीच्यांना बोलू द्या, सार. मला आता घाई नाही."